अण्णा, मेतकुटाचा डबा आणि चार मिनिटं

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी एका बाईंची बॅग हुकाच्या काट्याला लावून उभी होते. काटा आठ किलो दोनशेवर थरथरत होता. फोन मामींचा होता. "सुनंदा, ह्यांनी चहा मागितला आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." एवढंच बोलल्या. मी फोन कानाशी धरूनच बॅग उतरवली, त्या बाईंना सांगितलं, "सव्वा किलो जास्त आहे, शाल अंगावर घ्या आणि डबा हातात धरा," त्यांना रिक्षात बसवलं आणि मग शटर ओढलं. वाचणाऱ्याला हे कोरडं वाटेल. पण समोरचं माणूस मार्गी लागल्याशिवाय आपल्या दुःखाला हात घालायचा नाही, हे मला अण्णांनीच शिकवलेलं होतं. त्या शिकवणीपायी त्यांनी स्वतः काय गमावलं, तेच आज लिहायचं आहे.

दत्ताअण्णा माझे सख्खे मामा. सगळं धारवाड त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही अण्णाच म्हणायचे. सुभाष रोडला लागून असलेल्या बोळात त्यांचं तिकिटांचं दुकान आहे, आणि शाळेतली कारकुनी सोडून आल्यापासून मी तिथंच आहे. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे. वाण्याची यादी, फोनची यादी, कोणाला काय निरोप द्यायचा त्याची यादी. अण्णांच्या माघारी कोणती कामं करायची त्याचीही मी यादी केली, आणि त्यातली एक सोडून सगळी झाली. राहिलेलं काम म्हणजे हा लेख. गोड आठवणी लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं आहे. गोडही येतील. पण गेल्या महिन्यात एक मोठा साहेब अण्णांची एक जुनी वही मागायला दुकानात आला आणि मी ती दिली नाही. का दिली नाही हे चारचौघांत सांगायचं आहे. त्या साहेबाचं नाव लिहीत नाही, त्याच्या विमान कंपनीचंही नाही. ज्याला कळायचं त्याला कळेलच.

हुबळीला स्वस्तातल्या विमानाची सेवा सुरू होणार, अशी बातमी आली त्याच आठवड्यात हा साहेब पहिल्यांदा आमच्या पायऱ्या चढला. तेव्हा तो तरुण होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि बशीत चहा ओतून प्यायला लाजत नव्हता. "बर्री, कुंदर्री," या, बसा, म्हणून अण्णांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली. त्यानं कंपनीचा धंदा कागदावर काढून समजावला. विमानं सगळी एकाच जातीची, म्हणजे सुटे भाग एकच आणि मेकॅनिकचं शिक्षणही एकच. जेवण फुकट नाही, हवं त्यानं विकत घ्यावं. आधी तिकीट काढेल त्याला स्वस्त, शेवटी येईल त्याला महाग. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उतरलेलं विमान पंचवीस मिनिटांत परत उडालं पाहिजे. माणसं उतरवा, झाडू मारा, माणसं चढवा, चला. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या टेंपोसारखं की हो. उभा राहिला की खातो, पळाला की कमावतो." साहेब टाळी देऊन हसला. "अण्णाजी, हे आमच्या दिल्लीच्या माणसांना समजायला तीन मीटिंगा लागल्या!" त्या दिवसापासून आमच्या दुकानात त्याचं नाव 'पंचवीस मिनिटे' पडलं. तेव्हा ते कौतुकाचं नाव होतं.

आता विमान भरायचं कोणी? हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातले कापडवाले, धान्यवाले, हार्डवेअरवाले पिढ्यान् पिढ्या बसनं मुंबईला जाणारे. विमान म्हणजे मंत्र्यांचं, नाहीतर आजाऱ्याचं, अशी समजूत. अण्णा महिनाभर रोज दुपारी दुर्गदबैलात फिरले. कधी मी बरोबर असायचे, हातात लाल पुठ्ठ्याची वही. अण्णा गादीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि कन्नडमधून सुरू करून मराठीत संपवायचे. "शेठ, बसमध्ये तुमची कंबर जाते आणि एक अख्खा दिवस जातो. कंबर परत मिळेल, दिवस मिळतो का?" कापडवाले रेवणकर शेठ म्हणाले होते, "अण्णा, वर गेल्यावर बंद पडलं तर ढकलायला उतरायचं कुठं?" अण्णा म्हणाले, "तुम्ही नाही उतरायचं, तुम्ही पहिल्या रांगेत. ढकलायला मागचे." साऱ्या गादीवर हशा झाला, आणि वहीत रेवणकरांचं नाव लिहिलं गेलं. अशी एकेक करून सत्तरएक नावं झाली. अख्खं पंख्याचं विमान. शेवटचं नाव अण्णांनी स्वतःचं लिहून घेतलं. "दत्तात्रय, खिडकी," असं मला सांगितलं, आणि मी तसंच लिहिलं.

पहिल्या उड्डाणाच्या दिवशी ऐन वेळी रेवणकरांची म्हातारी आई हट्टाला पेटली, मीपण येणार. खुर्ची शिल्लक नव्हती. अण्णांनी माझ्या हातातून पेन घेतलं, स्वतःच्या नावावर रेघ मारली आणि आजींना विमानतळाच्या दारापर्यंत हात धरून नेलं. सगळे आत जाईपर्यंत ते दारात उभे राहिले, प्रत्येकाला "होगि बर्री, जाऊन या," म्हणत. हाच पुढं त्यांचा रिवाज झाला. आमच्या दुकानातून तिकीट घेतलेलं माणूस पहिल्यांदा विमानात बसणार असेल, तर अण्णा धारवाडहून विमानतळावर जायचे आणि त्यांचं शेवटचं माणूस आत गेल्याशिवाय दार सोडायचे नाहीत. त्या दिवशी पंचवीस मिनिटे त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अण्णाजी, तुमची खिडकीची सीट माझ्याकडे शिल्लक राहिली." हे माझ्यासमोर म्हणाला. मी लक्षात ठेवलं.

विमान भरून जायला लागलं. एकाची दोन झाली, दोनाची तीन. लहान गावातून भरलेलं विमान उठतं हे बघून कंपनीनं तसलीच दुसरी गावं धरली, आणि आमच्या साहेबाची बढती झाली. मग एक दिवस तो आला, या वेळी चहा न घेता. एजंट बंद. लोकांनी तिकीट थेट कंपनीकडून, फोनवरून घ्यायचं. अण्णा म्हणाले, "साहेब, गावाला विमानात बसवलं कोणी?" त्यानं शांतपणे सांगितलं, "अण्णाजी, मधला माणूस काढला की तिकीट स्वस्त होतं. हेच तर आमचं मॉडेल आहे. तुम्हालाच पहिल्या दिवशी समजलं होतं." रेल्वेची, बसची, दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं होतीच, दुकान चाललं. ज्यांना फोनवरून जमत नव्हतं त्यांना अण्णा फुकटात तिकीट काढून द्यायचे आणि दारापर्यंत सोडायलाही जायचे. धंदा म्हणून मी हे समजू शकते. कंपनीला मधला माणूस नको असेल, नको. एवढ्यासाठी मी कोणाचा राग मनात धरला नसता.

पण पुढचं असं झालं. माझ्या आईला, म्हणजे अण्णांच्या मोठ्या बहिणीला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं. मी तिच्याजवळ होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, आणि आईनं एकच धरलं होतं, दत्तूला बघितल्याशिवाय मला आत नेऊ नका. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी विमानाचं तिकीट काढलं. दुपारचं विमान. आईला मामींच्या हातचं मेतकूट हवं होतं, ते स्टीलच्या डब्यात घेतलं, आणि विमान सुटायच्या पावणेदोन तास आधी अण्णा हुबळीच्या विमानतळावर हजर होते. इतकी वर्षं ते दाराबाहेर उभे राहिलेले. त्या दिवशी हातात तिकीट होतं म्हणून पहिल्यांदा आत गेले.

आत गेले आणि जन्माची सवय नडली. त्याच विमानाला आमच्या ओळखीचे सहा-सात जण होते. कोणाला रांग कळत नव्हती, कोणाला अर्ज वाचता येत नव्हता. रेवणकर शेठ मुंबईला लग्नाला निघालेले, त्यांची बॅग पेढ्यांच्या खोक्यांनी चार किलो जास्त भरली. अण्णांनी तिथंच फरशीवर बसून ती बॅग उघडली. दोन खोकी एकाला, एक दुसऱ्याला, उरलेली स्वतःच्या पिशवीत, आणि पिशवीत जागा व्हावी म्हणून हलका मेतकुटाचा डबा रेवणकरांच्या हातात. "शेठ, विमानात परत घेतो, तोवर सांभाळा." एकेक माणूस पुढं पाठवलं, सगळ्यात शेवटी स्वतः काउंटरवर गेले. काउंटर विमानाच्या पाऊण तास आधी बंद व्हायचं. बंद होऊन चार मिनिटं झाली होती.

काउंटरवरच्या पोरीनं मागं बघितलं. मागं पंचवीस मिनिटे उभा होता. त्या दिवशी तपासणीला आला होता. अण्णा त्याला म्हणाले, "साहेब, मी तासभर इथंच आहे की. तुमच्याच लोकांना मदत करत होतो." हे मी अण्णांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, त्या पोरीनंच पुढं नोकरी सोडल्यावर मला सांगितलं. आमच्या साहेबाचं उत्तरही तिनंच सांगितलं. "अण्णाजी, विमान थांबत नाही, हे तुम्हीच लोकांना शिकवता ना?" अण्णांनी बहिणीचं सांगितलं. तो म्हणाला, "आज एकाला उघडलं तर उद्या सगळ्यांना उघडावं लागेल." काचेपलीकडं विमान उभं होतं. त्याचे पंखेही अजून फिरत नव्हते. पेढ्यांची पिशवी मांडीवर घेऊन अण्णा खुर्चीवर बसून राहिले, आणि विमान अगदी वेळेवर उडालं. वेळेवर उडण्याबद्दल कंपनीला बक्षिसं मिळतात.

"सुनी, मी राहिलो गं," असा मला फोन आला. इकडं आई दर थोड्या वेळानं विचारत होती, "दत्तू निघाला का गं?" मी म्हणाले, निघाला. उन्हं कलल्यावर रेवणकर शेठ विमानतळावरून लग्नघरी न जाता थेट दवाखान्यात आले. दोन्ही हातांत मेतकुटाचा डबा धरलेला, आणि दारातच रडायला लागले. "सुनंदाताई, माझ्या पेढ्यांपायी..." मी त्यांना बाहेर बसवलं, डबा उघडून आईच्या नाकाशी धरला. तिनं वास घेतला, हसली. "आला वाटतं. खालीच बोलत उभा असेल कोणाशी तरी..." दिवेलागणीला ती गेली. ऑपरेशनपर्यंत पोचलीच नाही. अण्णा बसनं दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांच्या खांद्याला अजून ती पेढ्यांची पिशवी होती.

मी तेव्हा म्हटलं, पेपरात देऊ, तक्रार करू, साहेबाच्या ऑफिसात जाऊन बसू. अण्णांनी तेरावा होऊ दिला. चौदाव्या दिवशी दुकान उघडलं आणि धान्याच्या व्यापाऱ्याकडून आणलेला हुकाचा काटा छताच्या कडीला टांगला. "भांडायचं नाही, सुनी. त्यांचेच नियम पाळायचे. इतके पाळायचे, की त्यांच्या तोंडाला फेस आला पाहिजे. तू यादी कर." मी यादी केली. आयुष्यात इतक्या मन लावून मी कुठलीही यादी केलेली नाही. तिकिटावर ज्यांचं पोट भरत नाही अशा कंपन्यांचं पोट कशावर भरतं, तर जादा बॅगेवर, खिडकीवर, सँडविचवर आणि माणसाच्या विसराळूपणावर. ती एकेक जागा आम्ही बुजवत गेलो. खिडकी मागायची नाही, देतील तिथं बसायचं. चपाती-भाजी घरून. परतीचं तिकीट कधी काढायचं ते आम्ही सांगणार. हातात सात किलो, बाकीचं अंगावर. आणि अंगावरच्याला काटा नाही. बोळाच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंप्याकडून अण्णांनी आतून आठ खिशांचं जाकीट शिवून घेतलं. ते दुर्गदबैलात इतकं चाललं, की व्यापारी कापडाचे नमुने, पुस्तकं, लाडू, सगळं त्यात भरून जायला लागले. भर मे महिन्यात पाच जण ओळीनं फुगलेली जाकिटं घालून चाललेले बघून दारावरच्या पोलिसानं विचारलं, "अण्णा, इवत्त थंडि भाळ ऐतेन्री?" थंडी फार आहे का आज? अण्णा म्हणाले, "इथं नाही हो, वर फार असते. माझ्या लोकांना सर्दी नको." पोलिसानं हसू दाबत सगळ्यांना आत सोडलं.

यादीचे एक्केचाळीस नियम झाले. आम्ही ती छापून फुकट वाटली. हुबळी-धारवाडात ती अनेक घरांत कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे. तोवर कंपनी कुठल्या कुठं गेली. नवीन विमानं, नवीन शहरं, परदेशसुद्धा. लहान गावांचा जाणकार म्हणून आमचा साहेब थेट वरच्या मजल्यावर पोचला. एका भाषणात तो सांगत होता, ते मी मोबाईलवर बघितलं: सुरुवातीला मी स्वतः हुबळीच्या बाजारात दुकानोदुकानी फिरलो, गादीवर बसलो, लोकांच्या मनातली भीती काढली. मी ते अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं आणि विचारलं, "गादीवर बसायच्या आधी बूट काढले होते का, विचार त्याला."

अण्णा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या ऑफिसातून फोन आला. कंपनीचा इतिहास छापतायत. पहिल्या विमानातल्या लोकांची नावं असलेली एक वही तुमच्याकडे आहे ना? साहेब स्वतः घ्यायला येतील, गुरुवारी, विमानातून उतरून. मी म्हणाले, "जरूर. दुकान अकराला बंद होतं." तसा लेखी निरोपही पाठवला. एकदा नाही, तीनदा, कारण ती कंपनी प्रवाशांना तीनदा पाठवते.

गुरुवारी मी लाल वही काचेच्या दारातून दिसेल अशी टेबलावर उघडून ठेवली. दुकानात एक अळणावरच्या बाई होत्या, गिरिजाक्का. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या. लेकीच्या बाळंतपणाला पहिल्यांदाच विमानानं मुंबईला निघालेल्या. अकरा वाजले. मी दाराला आतून कडी घातली आणि त्यांची बॅग काट्याला लावली. अकरा वाजून सात मिनिटांनी गाडी थांबली. अण्णांपेक्षा तीन मिनिटं जास्त. केस पांढरे झालेत त्याचे, बाह्या आता दुमडलेल्या नसतात. त्यानं काचेवर टकटक केलं.

"मॅडम, मी आलोय. वही..."

"साहेब, काउंटर बंद झालं."

तो हसला. "अहो, रस्त्यात सिग्नलला अडकलो. वही तर समोरच दिसतेय!"

"विमानही समोरच दिसत होतं."

"कुठलं विमान?"

मी म्हणाले, "चार मिनिटं. पेढ्यांची पिशवी. बहीण दवाखान्यात." मी त्याचा चेहरा बघत होते. किती वर्षं मी हा चेहरा कसा होईल याची वाट बघितली होती... आणि काही झालं नाही. कपाळाला आठी घालून तो खरोखर आठवत होता, आणि त्याला आठवत नव्हतं. त्याच्यासाठी तो दिवस म्हणजे वेळेवर सुटलेलं आणखी एक विमान. "सॉरी मॅडम, नक्की कशाबद्दल बोलताय?" गिरिजाक्कांची बॅग साडेसात भरली. मी चटणीची बरणी काढून जाकिटाच्या आतल्या खिशात घातली, काटा सातवर आला. तो काचेतून बघत होता. "हे काय करताय?" त्यानं विचारलं. "तुमचे नियम पाळतोय," मी म्हणाले. त्यानं घड्याळ बघितलं. परतीचं विमान त्याच्यासाठीही थांबणार नव्हतं. तो गेला.

त्याला दाराबाहेर उभं करून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. पण ज्याला गुन्हाच आठवत नाही त्याला शिक्षा पोचत नाही. म्हणून हा लेख. साहेब, आता तुम्हाला आठवेल. इतिहास छापाल तेव्हा तुमच्या माणसांनाही आठवेल, कारण ही पुरवणी मी तुमच्या ऑफिसला पाठवणार आहे, एक नाही, तीन प्रती. वही दुकानातच राहील. ज्याला बघायची त्यानं वेळेत यावं. शेवटच्या ओळीत लिहिलंय, "दत्तात्रय, खिडकी", आणि त्यावर अण्णांच्या हातची रेघ आहे. ती खिडकीची सीट तुमच्याकडे शिल्लक राहिली ती राहिलीच. अण्णा मरेपर्यंत एकदाही विमानात बसले नाहीत.

त्या दुपारी मी गिरिजाक्कांना घेऊन विमानतळावर गेले. जाकीट सावरत त्या आत गेल्या. काचेपलीकडं जाऊन एकदा वळल्या, हात करू का नको अशा. मी ओरडले, "होगि बर्री, अक्का!" त्या दिसेनाशा होईपर्यंत दार सोडलं नाही. मग दुकानात परतले.

यादीची नवीन आवृत्ती छापायला द्यायची आहे, म्हणून काट्याशेजारी भिंतीवर डकवलेली अण्णांची प्रत बघत होते. आई गेल्यानंतर मी त्या यादीत पहिला नियम मुद्दाम असा घातला होता: आधी स्वतःचा बोर्डिंग पास हातात घ्या, मगच दुसऱ्याला मदत करा. भिंतीवरच्या प्रतीत अण्णांनी त्यावर पेन्सिलीनं रेघ मारलेली आहे. मी दर वर्षी तो नियम नव्यानं छापायचे आणि ते दर वर्षी रेघ मारायचे. कधी त्यावर बोललो नाही. या वेळी छापखान्याला द्यायच्या कागदावर तो नियम परत एक नंबरला लिहिला. पेन्सिल तिथंच, काट्याच्या दोरीला बांधलेली होती. बराच वेळ ती हातात धरून बसले... आणि मग रेघ मीच मारली.